यादीतल्या दोन ओळी

प्रश्न : पत्र पुण्याहून आलंय. लिहिणाऱ्या बाई ३८ वर्षांच्या, एका खाद्यपदार्थ कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी करतात. लग्नाला ११ वर्षं झाली, मुलगी चौथीत आहे, सासूबाई सोबत राहतात. माहेर नाशिकचं, तिथे आई एकटी. मुलगी पाचवीत गेली की नाशिकला राहायला जायचं असं दोघांचं ‘ठरलं होतं’, असं त्या म्हणतात. नवरा म्हणतो, ‘बोललो होतो, ठरलं नव्हतं.’ आता नाशिकहून चांगल्या पदासाठी बोलावणं आलंय आणि दोन महिने नवऱ्याचं एकच उत्तर आहे, ‘बघू.’

अशात एका शनिवारी रात्री दोघांनी ‘मॅरेज स्टोरी’ हा सिनेमा पाहिला. बाई रडल्या. नवरा भांडणाच्या प्रसंगाला म्हणाला, ‘एवढं ओरडतात, शेजारी नाहीत का यांना?’ सिनेमात नवरा-बायको एकमेकांच्या आवडणाऱ्या गोष्टी लिहून काढतात. तशी यादी आपणही करू, असा आग्रह बाईंनी धरला. त्यांनी दोन पानं लिहिली. नवऱ्याने विजेच्या बिलाच्या पाठीमागे दोन ओळी लिहिल्या : ‘गाडीतलं पेट्रोल संपत आलंय हे माझ्या आधी तुझ्या लक्षात येतं. आईशी तुझं पटत नाही, पण तिच्या गोळ्या तू कधी चुकवत नाहीस.’ खाली, ‘अजून आठवेल तसं लिहितो.’ त्याला आता आठवडा झाला. दोघं लेकीमार्फतच बोलतायत. बाई विचारतात : ‘अकरा वर्षांनी दोन ओळी! आमचं लग्न संपलंय आणि आम्हालाच कळलेलं नाही, असं तर नाही ना? मैत्रीण म्हणते वकिलाला भेटून ठेव, आधी जाणाऱ्याचं पारडं जड राहतं. आई म्हणते, असले सिनेमे बघतेस कशाला?’

उत्तर :

तुमचं पत्र वाचून मी तो सिनेमा पुन्हा लावला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मीही रडले होते. या वेळी वही घेऊन बसले, त्यामुळे रडायला सवड मिळाली नाही.

आधी त्या यादीचं बघू. नोआ बॉमबाकच्या या २०१९ च्या सिनेमाची सुरुवातच तिने होते. चार्ली न्यूयॉर्कमधला नाटकाचा दिग्दर्शक, निकोल त्याच्याच नाटकांतली नटी. आधी त्याच्या आवाजात तिच्याबद्दल ऐकू येतं, मग तिच्या आवाजात त्याच्याबद्दल. ती घरातल्या सगळ्यांचे केस कापते, कपाटाची दारं उघडी टाकते, अशा बारीकसारीक, मायेने टिपलेल्या गोष्टी. आपल्याला वाटतं, काय गोड जोडपं आहे. आणि मग कळतं की दोघं एका मध्यस्थासमोर बसलेत, वेगळं व्हायला आलेत, आणि या याद्या त्याने घरून लिहून आणायला सांगितलेला अभ्यास आहे. निकोल तर आपली यादी मोठ्याने वाचायला साफ नकार देते.

म्हणजे त्या याद्या लिहिल्या गेल्या तेव्हा लग्न आटोपलं होतं. इतकं भरभरून लिहिणारी माणसंच तिथे वेगळी झाली. तुम्ही घटस्फोटाच्या दारातली यादी उचललीत आणि चालत्या घरात आणून ठेवलीत. ती दोन पानांची असली काय नि दोन ओळींची असली काय, त्यावरून लग्न शिल्लक आहे की नाही हे कसं कळणार?

आपल्याकडे तर यादी लग्नाच्या आधीच होते. ‘यादी पे शादी’ म्हणायची पद्धत अजून आहे. हॉल कोणाचा, मानपानाच्या साड्या किती, करवलीला काय, सगळं कागदावर उतरवून खाली सह्या. माझ्या मामेबहिणीच्या बैठकीत आइस्क्रीम कुठल्या चवीचं यावरही एक कलम होतं. पण त्या यादीत मुलीने पुढे कुठल्या गावात राहायचं, तिची नोकरी बदलली तर काय, तिच्या आईला कोण बघणार, यातलं एक अक्षर नव्हतं. तुमच्या बैठकीतही नसणार. ते सगळं नंतर, गच्चीवर नाहीतर गाडीत, तोंडी ‘ठरतं’.

आता तुमच्या नवऱ्याच्या दोन ओळी. पहिल्यांदा वाचल्या तेव्हा मला हसू आलं आणि खरं सांगायचं तर माणूस आवडला. पेट्रोलचा काटा हे काही सुचवून सुचण्यासारखं वाक्य नाही. ते रोज पाहिलेल्या माणसालाच लिहिता येतं. ‘तू माझ्या आयुष्याचा प्रकाश आहेस’ असं लिहिलं असतं तर मी जास्त काळजीत पडले असते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचल्या आणि थोडी अस्वस्थ झाले. पेट्रोल आणि गोळ्या. दोन्ही ओळींत तुम्ही घर चालवताय. तुम्ही काय बोललात की तो हसतो, तुम्ही प्रयोगशाळेत नेमकं काय करता, तुम्हाला कशाचा राग येतो, तुम्हाला काय हवंय, यातलं काही नाही. निकोलची तक्रार हीच तर आहे. चार्ली वाईट माणूस नाही. पण आपण हळूहळू त्याच्या आयुष्याचा एक भाग होऊन बसलो आणि आपलं असं काही उरलं नाही, हे ती पहिल्या भेटीत वकीलबाईंना रडत रडत सांगते. तिचं गाव लॉस एंजेलिस, आई-बहीण तिथे. परत जायचं दोघांमध्ये अनेकदा निघालेलं. तिच्या मते ते ठरलेलं, त्याच्या मते नुसतं बोलणं.

ओळखीचं वाटतंय ना? तुम्ही रडलात त्या भांडणाच्या प्रसंगामुळे, असं तुम्ही लिहिलंय. मला नाही वाटत. माझ्या मते तुम्ही रडलात त्या ‘ठरलं होतं’साठी.

त्या भांडणाबद्दलही दोन शब्द. वकिलांशिवाय शांतपणे बोलू म्हणून निकोल त्याच्या रिकाम्या भाड्याच्या घरी येते. आवाज चढतो, तो भिंतीवर ठोसा मारतो, तू मेलीस तर बरं होईल इथवर बोलून जातो आणि मग तिच्याच पायाशी कोसळून रडतो. अभिनय म्हणून अव्वल. पण ‘खरं प्रेम असलं की माणूस असा फुटतो, माझा नवरा तर शेजाऱ्यांचा विचार करतो,’ हा निष्कर्ष काढलात तिथे मी तुमच्याशी सहमत नाही. आपल्या सोसायट्यांमधल्या भिंतींतून मिक्सरचा आवाज पलीकडे जातो. आपण भांडतो ते कुकरचं झाकण आपटून, न जेवता झोपून, ‘मला काय विचारता, मी कोण’ असं म्हणून. न ओरडणाऱ्याला काही वाटत नाही असं समजू नका. आणि ओरडणारा जास्त खरा असतो असंही नाही. (कोणी भिंतीवर मारतो, उद्या अंगावर येईल अशी भीती घरात असेल, तर ही चर्चाच वेगळी. अशा वाचकांनी यादी-बिदी बाजूला ठेवून १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करावा. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा त्यांच्यासाठीच आहे. तुमच्या पत्रात तसं काही दिसलं नाही.)

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त बोचलेलं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय. ‘आठवडाभर आम्ही लेकीमार्फत बोलतोय.’ बाबांना सांग पोळ्या झाल्यात. आईला विचार किल्ली कुठेय. नऊ वर्षांच्या मुलीला यात निरोप्याचं काम मिळतं आणि वर दोन्हीकडचा सूरही तिलाच सांभाळावा लागतो. सिनेमात हॅलोविनच्या रात्री मुलगा आधी आईबरोबर फिरून येतो आणि मग वडील त्याला पुन्हा फिरवायला नेतात. पोरगं पेंगलंय, आणि बापाला सण साजरा करायचाय. मला ते वकिलांच्या सगळ्या युक्तिवादांपेक्षा जास्त लागलं. तेव्हा हे आजच्या आज थांबवा. राग राहू द्या, अबोला धरायचाय तर धरा, पण किल्ली कुठेय ते स्वतः विचारा. नाहीतर दोघांनी एकमेकांना मेसेज करा, पोरीला मध्ये घेऊ नका.

आता ‘बघू’.

मराठी नवऱ्याच्या शब्दकोशातला हा फार सोयीचा शब्द आहे. (बायकाही वापरतात. मी स्वतः स्वयंपाकघराच्या नव्या ओट्याबद्दल चार वर्षं ‘बघू’ म्हणतेय.) त्याचा अर्थ हो नसतो, नाहीही नसतो. समोरच्याने थकून विषय सोडावा, एवढीच त्यात अपेक्षा असते. तुमच्या नवऱ्याने नाशिकला ‘नाही’ म्हटलं असतं तर तुम्हाला भांडता तरी आलं असतं. ‘बघू’शी कसं भांडणार?

पण त्याच्या बाजूनेही जरा बघा. तो ‘बघू’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे काय येत असेल? आईच्या गोळ्या. त्याने स्वतःच लिहून दिलंय की त्या तुम्ही सांभाळता. तुम्ही नाशिकला गेलात तर सकाळची रक्तदाबाची, रात्रीची कसली, हे त्याला माहीत आहे का? सासूबाई या वयात पुणं सोडतील का? मला वाटतं त्याची भीती तिथे आहे, आणि ती मान्य करायची म्हणजे इतकी वर्षं हे काम आपण बायकोवर टाकलं हेही मान्य करायचं. म्हणून ‘बघू’. हा माझा अंदाज आहे, तो चुकीचा असू शकतो. पण विचारून बघायला हरकत नाही : ‘तुला नाशिकची अडचण आहे, की मी इथे नसेन त्याची?’

तुमच्याही एका समजुतीला हात घालते. ‘ठरलं होतं’ हे तुमचं हुकमी पान आहे, आणि ते तुम्ही दर वेळी खाली टाकताय. ते ठरलं तेव्हा सासूबाई ठणठणीत होत्या का? तेव्हा तुमची आई एकटी होती का? ठरलेलं पाळलं जावं हे खरं, पण परिस्थिती बदलली की पुन्हा ठरवावं लागतं, यात तुमची हार नाही. तुमचा मुद्दा ‘ठरलं होतं’पेक्षा भक्कम आहे, तो असा मांडा ना : मला हे काम करायचंय, माझ्या आईला माझी गरज आहे, आणि अकरा वर्षं मी तुझ्या गावात राहिलेय. यातलं कुठलंही वाक्य तुमच्या पत्रात नाही. पत्र सगळं यादीबद्दल आणि सिनेमाबद्दल आहे. नवऱ्याला तरी ही तीन वाक्यं एका दमात कधी ऐकवलीत का?

प्रत्यक्षात काय करता येईल ते सांगते. ‘ठरलं होतं, नव्हतं’ असा वाद ज्यांच्या घरात आहे, मग तो गाव बदलण्याचा असो, दुसऱ्या मुलाचा असो की आई-वडिलांना आणण्याचा, त्यांनाही याचा उपयोग होईल. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहायचं : आपल्यात नेमकं काय बोलणं झालं होतं, आणि आज मला काय हवंय. आवडीनिवडी नकोत, कौतुक नको. मग कागद बदलून घ्यायचे आणि पहिल्या दिवशी फक्त वाचायचं. रात्री अकरानंतर अजिबात नाही. त्या वेळी सुरू झालेलं बोलणं कधी सरळ संपत नाही. रविवारी सकाळी, मुलगी खाली खेळायला गेलेली असताना, किंवा सरळ बाहेर कुठेतरी चहाला जा. माणसं हॉटेलात हळू बोलतात. आणि ‘बघू’ म्हणायचंच असेल तर तारखेसह म्हणायचं. ‘पंधरा तारखेपर्यंत सांगतो.’ कंपनी काही अनंतकाळ थांबणार नाही, आणि शाळा जूनमध्ये सुरू होते. कॅलेंडर तुमच्या बाजूने बोलतंय, त्याला बोलू द्या.

पर्याय तुम्हाला दोनच दिसतायत : सगळे नाशिकला, नाहीतर सगळं संपलं. मधलं बरंच आहे. सहा महिने तुम्ही एकट्या जा, शुक्रवारी रात्री या. पुणे-नाशिक दोनशे किलोमीटरच्या थोडं वर आहे. चाकणच्या कोंडीत अडकलात तर त्यापेक्षा लांब वाटतं, नारायणगावला पोचलात की जीव भांड्यात पडतो. दमवणारं आहे, मी गोड करून सांगत नाही. पण त्या सहा महिन्यांत गोळ्यांचा डबा त्याला भरावा लागेल, आणि पेट्रोलचा काटा त्याला बघावा लागेल. त्यातून तो तुम्हाला जास्त ओळखेल की चिडेल, हे मला सांगता येणार नाही. आणखी एक पर्याय : यंदाचं पद सोडून द्यायचं, पण ‘तुझ्यामुळे सोडलं’ हे पुढची वीस वर्षं न ऐकवता. ते तुम्हाला जमणार असेल तरच. मला जमलं नसतं.

वकिलाला भेटण्याबद्दल. माहिती घ्यायला भेटण्यात काही पाप नाही, पण मैत्रिणीने सिनेमातला कायदा तुम्हाला पुण्यात लागू केलाय. तिथे निकोल लॉस एंजेलिसमध्ये अर्ज करते म्हणून अख्खं प्रकरण तिकडे जातं आणि चार्ली न्यूयॉर्क-लॉस एंजेलिस चकरा मारून मेटाकुटीला येतो. हिंदू विवाह कायदा तुम्हाला लागू आहे असं धरलं तर पत्नीला ती राहते त्या ठिकाणी अर्ज करण्याची मुभा २००३ च्या दुरुस्तीपासून आहे. त्यासाठी धावत सुटायची गरज नाही. परस्परसंमतीचा मार्ग, म्हणजे कलम १३ ब, १९७६ पासून आहे : एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, आणि अर्जानंतर सहा महिन्यांची मुदत असते, जी योग्य प्रकरणात माफ होऊ शकते असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. आपल्या कौटुंबिक न्यायालयांत विवाह समुपदेशकही असतात.

एक बाब मात्र आत्ताच लक्षात ठेवा, आणि ती तुमच्या नवऱ्यालाही सांगा. मुलाच्या ताब्याचा प्रश्न १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली आला तर मूल नेहमी राहतं तिथलं न्यायालय बघितलं जातं. म्हणून ‘बघू तर खरं’ म्हणत लेकीचं नाव नाशिकच्या शाळेत घालणं ही साधी गोष्ट नाही. तिला नेणार असाल तर दोघांच्या संमतीने, किती दिवसांसाठी हे स्पष्ट बोलून, शक्य तर लिहून न्या. हे कोणाला कोंडीत पकडायला सांगत नाही. उद्या त्याला फसवलं गेल्यासारखं वाटू नये आणि तुम्हालाही अपराधी वाटू नये म्हणून सांगतेय.

आणि वकिलाकडे जाताना सिनेमातला शेवटचा हिशेब आठवा. निकोलला मुलाचा वेळ निम्मा-निम्मा हवा असतो. तिची वकील नोरा तिला पंचावन्न-पंचेचाळीस मिळवून देते, का, तर समोरच्याला बरोबरी मिळाली असं म्हणता येऊ नये. लॉरा डर्नने ती बाई अशी काही रंगवली की तिला सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. पण निकोलचा चेहरा बघा त्या वेळी. तिने हे मागितलंच नव्हतं.

तुमच्या आईचं म्हणणं राहिलं. सिनेमे बघा हो, खुशाल बघा. फक्त त्यातला एक प्रसंग तुम्ही बहुतेक डोळे पुसण्यात गमावलात, तो सांगते. दोन्हीकडचे वकील समोरासमोर बसलेत, टेबलावर दोघांचं आयुष्य मांडलंय, आणि जेवण मागवायची वेळ येते. मेनू हातात घेऊन चार्ली अडून बसतो, त्याला ठरवताच येत नाही. तेव्हा निकोल मेनू घेते आणि त्याच्यासाठी सॅलड सांगते, वर त्यावर काय घालायचं नि काय नाही तेही. इतकी वर्षं तीच सांगत आलेली असणार.

पहिल्यांदा मला ते प्रेम वाटलं होतं. या वेळी वाटलं, या माणसाला स्वतःचं जेवणही कधी सांगावं लागलं नाही. दोन्ही खरं असेल. तुमच्या नवऱ्याच्या दोन ओळींचंही तेच आहे, म्हणून त्या फाडू नका आणि फ्रेमही करू नका. त्याने ‘आठवेल तसं लिहितो’ म्हटलंय, तर तिसरी ओळ मागा. पेट्रोल आणि गोळ्या सोडून, असं स्पष्ट सांगा. मग तो काय लिहितो, किंवा किती वेळ पेन चावत बसतो, ते मला कळवा.

आणि तो कागद उलटा करून बघा. विजेचं बिल आहे ते. आठवडा झाला, भरलंय का कोणी?